आपलेच गाव विकत घेताना

२०१६ साली वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील कार्डिगन या छोट्या गावात कुणीतरी जिल्हा परिषदेच्या चार वाहनतळांवरची पैसे घेणारी यंत्रे फोडली. दुरुस्ती लांबली आणि तोवर गाडी लावणे फुकट झाले. मग दुकानदारांच्या एक गोष्ट लक्षात आली. घड्याळाकडे बघत पाव आणि दूध घेऊन पळणारी गिऱ्हाइके आता थांबू लागली होती, गप्पा मारत होती, दोन-चार दुकाने जास्त फिरत होती. काहींनी विक्री निम्म्याने वाढल्याचे सांगितले. तोडफोडीचे कौतुक कुणी केले नाही, पण बातमी ब्रिटनभर गाजली. बाजारपेठेच्या मधोमध असलेली जागा कुणाच्या मालकीची आहे आणि तिचा दर कोण ठरवतो, यावर छोट्या गावाचा व्यापार किती अवलंबून असतो, हे त्या काही आठवड्यांत साऱ्या देशाला दिसले.

कार्डिगनकरांना ते आधीच कळले होते. यंत्रे फुटण्याच्या कितीतरी आधी त्यांनी वर्गणी काढून गावाच्या मध्यभागी स्वतःचा वाहनतळ विकत घेतला होता.

लोकसंख्या सुमारे ४,०००. टायवी नदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीच्या काठावर हे गाव आहे आणि वेल्श भाषेतले त्याचे नाव आबेरटायवी. नदीच्या एका तीरावर केरेडिग्यॉन परगणा, पैलतीरावर सेंट डॉगमेल्सचे जुने मठगाव आणि त्यापुढे पॉपिटची रुंद पुळण. कार्डिगनच्या उपसागरात बाटलीच्या तोंडासारख्या नाकाचे डॉल्फिन मोठ्या संख्येने राहतात; मून्टच्या कड्यावर उभे राहिले तर दुर्बिणीशिवायही दिसतात. उन्हाळ्यात पर्यटक येतात ते यासाठी. गावाच्या कहाणीत मात्र पर्यटन बरेच उशिरा येते. आधी जहाजे होती.

१८१५ मध्ये कार्डिगन बंदरात ३१४ जहाजांची नोंद होती. तेव्हाच्या कार्डिफच्या सातपट आणि स्वान्सीच्या तिप्पट. हेरिंग मासा, ओट, पाटीचा दगड आणि कातडी कमावण्यासाठी लागणारी ओकची साल इथून बाहेर जाई, आणि माणसेही जात. १८१९ मध्ये ‘अल्बियन’ हे जहाज वेल्श कुटुंबांना घेऊन इथूनच कॅनडातल्या न्यू ब्रन्सविककडे निघाले होते. पुढे नदीचे मुख गाळाने भरत गेले आणि जहाजे मोठी होत गेली, त्यामुळे बंदर मागे पडले. १८८६ मध्ये रेल्वे आली, तीही १९६२ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली आणि पुढल्या वर्षी मालगाड्याही थांबल्या. आज गावाला रेल्वे नाही. बंदर आणि रेल्वे दोन्ही गेल्यावर रोजगाराचा मोठा आधार उरला तो एका कारखान्याचा.

तो कारखाना ड्यूहर्स्ट कंपनीचा. तिथे सुमारे ४०० माणसे आठवड्याला ३५,००० जीन्स शिवत. चार हजारांच्या गावात चारशे नोकऱ्या म्हणजे जवळपास प्रत्येक गल्लीत एक तरी पगार तिथून येणारा. माल जाई तो ब्रिटनच्या मोठ्या दुकान-साखळीला. २००२ मध्ये उत्पादन मोरोक्कोला हलवले गेले आणि कारखाना बंद झाला. कारण नेहमीचेच: तिकडे मजुरी स्वस्त होती. गावात उरले ते पडून राहिलेले कौशल्य. अचूक बेतणारे, जाड कापडावर दुहेरी शिवण सरळ घालणारे हात आता वृद्धाश्रमात, दुकानात, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागले.

डेव्हिड आणि क्लेअर हायट या जोडप्याने हे कौशल्य गावातच असल्याचे ओळखले. त्यांनी आधी ‘हाउईज’ नावाचा कपड्यांचा ब्रँड उभा करून तो अमेरिकेच्या टिंबरलँड कंपनीला विकला होता. २०११ मध्ये त्यांनी ‘ह्यूट डेनिम’ सुरू केली आणि शिवणकामाला बोलावले ते बंद कारखान्यातल्याच अनुभवी कारागिरांना. कापड तुर्कस्तान आणि जपानमधून येई आणि शिवणकाम कार्डिगनमध्ये होई. शिवणारा कारागीर तयार जीन्सच्या आतल्या बाजूला स्वतःची सही करी. किंमत दीडशे पौंडांच्या घरात आणि त्याहून वर, पण फाटली तर दुरुस्ती फुकट. जानेवारी २०१८ मध्ये मेगन मार्कल कार्डिफच्या भेटीला आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर ह्यूटची काळी जीन्स होती. मागणी एवढी उसळली की गिऱ्हाइकांना महिनोनमहिने वाट पाहावी लागली आणि कंपनीला मोठी जागा घ्यावी लागली.

ही कथा जगभर सांगितली गेली आणि ती खरोखर सांगण्यासारखी आहे. पण तिचे मोल नीट पारखायला हवे. चारशे जणांना त्यांचे काम परत मिळवून द्यायचे, हे संस्थापकांनी उघडपणे मांडलेले ध्येय होते आणि त्या आकड्याच्या जवळपासही कंपनी कधी गेली नाही. एका उत्तम लहान उद्योगामुळे गावाचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले, काही घरांत सन्मानाचे काम आले, आणि कौशल्य मरण्याआधी पुढच्या पिढीच्या हाती गेले. एवढेही थोडे नाही. तरीही संपूर्ण गाव उभे राहायचे तर त्याचा भार एखाद्या उद्योजकावर टाकून चालत नाही. कार्डिगनमध्ये तो भार उचलला तो किल्ला सांभाळणाऱ्यांनी आणि वाहनतळ विकत घेणाऱ्यांनी, आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिले जाते.

किल्ला नदीच्या पुलालगत, गावात शिरतानाच उभा आहे. नॉर्मन सरदारांनी बांधलेली लाकडी गढी वेल्श राजा रीस याने ११६५ मध्ये जिंकली आणि ११७१ मध्ये ती दगडात बांधून काढली. वेल्श माणसाने बांधलेल्या दगडी किल्ल्यांमधला हा अगदी आरंभीचा. ११७६ च्या नाताळात राजा रीसने इथे कवी आणि वादकांची मोठी स्पर्धा भरवली. वर्षभर आधी वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये दवंडी पिटली होती. कवींसाठी एक आणि वादकांसाठी एक अशा दोन खुर्च्या बक्षीस ठेवल्या होत्या. काव्याची खुर्ची उत्तरेच्या ग्विनेथमधल्या कवीने नेली, तर वादनाची रीसच्या दरबारातल्या तरुणाने. ‘आइस्तेदवोद’ म्हणजे वेल्श साहित्य-संगीताचा जो महोत्सव आज राष्ट्रीय पातळीवर दरवर्षी भरतो, त्याची पहिली नोंद ती हीच. विजेत्या कवीला खुर्चीवर बसवण्याचा सोहळा आजही त्या महोत्सवाचा मुख्य क्षण असतो.

एवढा मान असलेली वास्तू विसाव्या शतकाच्या अखेरीस ओळखू येणार नाही इतकी खंगली होती. मालकी खासगी होती. तटाच्या आतले एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे घर राहण्यालायक उरले नव्हते आणि बागेत झाडोरा माजला होता. नदीकडचा तट ढासळून रस्त्यावर येऊ नये म्हणून त्याला बाहेरून लोखंडी तुळयांचे टेकू दिले होते. पुलावरून गावात येणाऱ्याला पहिले दर्शन व्हायचे ते या गंजक्या टेकूंचे. दशकानुदशके रोज ते पाहणाऱ्या माणसांना आपले गाव संपत आलेले वाटू लागले, यात आश्चर्य नाही.

२००३ मध्ये केरेडिग्यॉन परिषदेने किल्ला पाच लाख पौंडांना विकत घेतला. खरेदीवर टीकाही झाली. पडक्या भिंतींवर सार्वजनिक पैसा कशाला, हा सवाल कुठल्याही गावात येतोच. पुढचे काम स्थानिकांच्या ‘कदूगन’ संरक्षण न्यासाने अंगावर घेतले. निधी गोळा करायचा, परवानग्या मिळवायच्या, पुरातत्त्वाचे उत्खनन आणि बागेची साफसफाई पार पाडायची, याला बारा वर्षे गेली. खर्च सुमारे १ कोटी २० लाख पौंड आला. त्यातला मोठा वाटा राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीचा आणि युरोपीय संघाच्या प्रादेशिक विकास निधीचा होता, बाकीचा इतर न्यासांकडून आणि लोकांकडून जमला. २०१५ मध्ये दरवाजे उघडले. आत संग्रहालय आहे, उपाहारगृह आहे, मुक्कामाच्या खोल्या आहेत, लग्ने आणि मैफली होतात, वेल्श भाषेचे वर्ग भरतात. दुसऱ्या महायुद्धात तटाला जोडून बांधलेला काँक्रीटचा बंदुकीचा बुरूजही न पाडता ठेवला आहे, हे विशेष वाटते. दुरुस्ती करताना इतिहासाचे एकच सोयीचे पान निवडण्याचा मोह इथे टाळला गेला.

उद्घाटनानंतरची वर्षे अधिक कठीण असतात, याकडे अशा प्रकल्पांत फार थोडे लोक लक्ष देतात. बांधकामाला अनुदान मिळते; छपराची गळती, विजेचे बिल आणि माळ्याचा पगार यांना ते सहसा मिळत नाही. कार्डिगनचा किल्ला तग धरून आहे त्याचे श्रेय तिथल्या स्वयंसेवकांना द्यायला हवे. तिकीटखिडकी, बागकाम, वाटाड्याचे काम, कार्यक्रमांची व्यवस्था यांतला मोठा भाग तेच सांभाळतात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर तो प्रादेशिक निधीही आटला. आज कुणी असाच दुसरा किल्ला उभा करायचे ठरवले तर त्याच्या हिशेबाची जुळवाजुळव कितीतरी अवघड जाईल.

आता त्या वाहनतळाकडे वळू. गावातल्या पुल्हाय भागातली एक मोक्याची जागा जुन्या इमारतींसह विक्रीला निघाली. बाहेरचा विकासक ती घेईल आणि गावाला नकोसे काहीतरी उभे करील, अशी धास्ती होती. तेव्हा स्थानिकांनी ‘फोर-सी-जी’ नावाची सहकारी संस्था काढली. हे नाव एका लांबलचक वेल्श नावाचे संक्षिप्त रूप. अर्थ साधारण ‘ग्रामीण भाग टिकवणारी आणि त्याला आधार देणारी संस्था’. २०१० च्या सुमारास तिने भाग विक्रीला काढले आणि दोन लाख पौंडांहून अधिक रक्कम गावातून आणि गावाशी नाते असणाऱ्यांकडून उभी राहिली. त्यातून ती जागा घेतली गेली. इमारती दुकानांना आणि छोट्या व्यवसायांना भाड्याने दिल्या, मोकळ्या जागेत स्वस्त दराचा वाहनतळ केला. भाडे आणि वाहनतळाचे उत्पन्न पुन्हा गावाच्या कामाला लागते.

या भागांची रीत महाराष्ट्राच्या वाचकाला परकी वाटणार नाही. कुणी एक भाग घेवो वा पन्नास, मत एकच. भाग शेअर बाजारात विकता येत नाहीत, त्यांची किंमत फुगत नाही. नको असतील तर संस्थेच्या सोयीने पैसे परत मागता येतात आणि जमले तर माफक व्याज मिळते. झटपट नफ्यासाठी आलेला पैसा म्हणूनच इथे येत नाही आणि ज्याला गावात राहायचे आहे त्याचा येतो. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामागेही ‘एक सभासद, एक मत’ हेच तत्त्व होते, आणि सहकाराच्या विचाराचा एक प्रमुख जनक मानला जाणारा रॉबर्ट ओवेन १७७१ मध्ये जन्मला तो वेल्समधल्याच न्यूटाउन गावी. म्हणजे दोन्हीकडच्या सभासदांचे मूळ घराणे एकच.

वाहनतळाचा फायदा पैशांपुरता मोजला तर लहान आहे. जिल्ह्याच्या कचेरीने दर वाढवले तरी गावाजवळ पर्याय राहतो, रिकामे दुकान भाड्याने देताना कुणाला प्राधान्य द्यायचे हे गाव ठरवते, आणि पुढच्या खरेदीसाठी तारण म्हणून दाखवायला मालमत्ता असते. पुढे गावाच्या मध्यभागी मोफत वायफाय आले. त्यावरून कोणत्या वेळी किती वर्दळ असते याचा अंदाज व्यापाऱ्यांना मिळू लागला आणि दुकानाच्या वेळा आणि उत्सवांचे नियोजन त्या आधारे करता येऊ लागले. गावाला स्वतःबद्दलची माहिती स्वतःच्या हाती मिळणे हाही मालकीचाच एक प्रकार आहे.

हा मार्ग एकट्या कार्डिगनचा नाही. वेल्सच्या उत्तरेला लिथवाइनच्या रहिवाशांनी १९८८ मध्येच आपले बंद पडणारे मद्यगृह सहकारी तत्त्वावर चालवायला घेतले होते. कार्डिगनच्या दक्षिणेला प्रेसेली डोंगरात पत्र्याच्या भिंतींचे ‘टाव्हर्न सिंक’ २०१७ मध्ये गावकऱ्यांनी दोनशे पौंडांचे भाग विकून घेतले. अभिनेता रीस इव्हान्सने त्या मोहिमेला पाठिंबा दिला होता. २०२२ मध्ये आयरॉन खोऱ्यातले मद्यगृह तीन लाखांहून अधिक पौंड जमवून लोकांनी विकत घेतले. वेल्सच्या खेड्यांत मद्यगृह म्हणजे केवळ दारूचा गुत्ता नव्हे. वेल्श भाषा मोठ्याने, बेधडक बोलली जाते अशा उरल्यासुरल्या जागांपैकी ती एक आहे. ते बंद झाले की गायनमंडळाची तालीम, शेतकऱ्यांच्या बैठका, म्हाताऱ्यांच्या गप्पा सगळेच बेघर होते.

कार्डिगनमध्ये ही गरज आणखी एका जागेने भागवली. मुल्दन हे नाट्यगृह १९८३ पासून इथे आहे आणि नंतर त्याचा मोठा विस्तार झाला. चार हजारांच्या गावात नाटक, चित्रपट आणि मैफली वर्षभर चालतात, आणि मुल्दन बाहेरचे कार्यक्रम आणण्यावर थांबत नाही, स्वतः निर्मितीही करते. २०१२ मध्ये वेल्श वीणावादक कॅट्रिन फिंच आणि मालीचे कोरावादक तुमानी जाबाते यांचा दौरा ठरला होता. मालीत लष्कराने सत्ता उलथवल्यामुळे जाबातेंचे येणे अडले. तालमीला मदतीसाठी आलेले सेनेगालचे सेकू केइता यांनी ती जागा भरून काढली. पुढे फिंच आणि केइता यांची जोडी जमली, २०१३ मध्ये ‘क्लिखाउ दिबॉन’ आणि २०१८ मध्ये ‘सोर’ हे अल्बम आले आणि जगभर वाखाणले गेले. ‘सोर’ची कल्पना उन्हाळ्यात वेल्समध्ये घरटे करणाऱ्या आणि हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेकडे उडणाऱ्या मीनखाऊ घारीवरून सुचली. रेल्वे नसलेल्या गावातल्या नाट्यगृहाने हे घडवून आणले, याचा अभिमान तिथल्या माणसांना वाटतो आणि तो रास्त आहे.

बाजारपेठेतली १८६० ची गिल्डहॉलची इमारत, तिच्या खालच्या अंगाला भरणारा झाकलेला बाजार, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी जव पेरणी संपल्याच्या निमित्ताने रस्त्यावरून निघणारी घोड्यांची मिरवणूक, नदीकाठच्या जुन्या गोदामांत थाटलेल्या राहण्याच्या खोल्या, यांविषयी स्वतंत्रपणे लिहिता येईल. किनाऱ्यालगतची पायवाट गावातून जाते. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या अखंड वेल्श किनारवाटेचा हा भाग. ती वाट सुमारे १,४०० किलोमीटरची आहे, आणि हंगाम नसतानाही तिच्यामुळे पायी फिरणारे कार्डिगनमध्ये मुक्कामाला येतात.

इतके सारे होऊनही आकडे काय सांगतात? २०११ ते २०२१ या दहा वर्षांत केरेडिग्यॉनची लोकसंख्या ५.८ टक्क्यांनी घटली. वेल्समधल्या कोणत्याही जिल्ह्यापेक्षा ही घट मोठी. वेल्श बोलणारे ४७.३ टक्क्यांवरून ४५.३ टक्क्यांवर आले. तरुण शिकायला बाहेर जातात आणि परतत नाहीत. परतायची इच्छा असली तरी घर परवडत नाही, कारण किनाऱ्यावर सुट्टीपुरते घर घेणाऱ्यांनी किमती चढवल्या आहेत. गाव देखणे झाले की त्या आणखी चढतात. पुनरुज्जीवनाची ही बाजू सांगताना तिथले कार्यकर्तेही संकोच करत नाहीत.

सरकारने कराचा मार्ग धरला आहे. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या घरांवर नेहमीच्या स्थानिक कराच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावण्याची मुभा परिषदांना मिळाली आणि केरेडिग्यॉननेही आपला अधिभार वाढवला. पाहुण्यांना भाड्याने देण्याचे घर व्यवसाय म्हणून दाखवायचे असेल तर ते वर्षात किमान १८२ दिवस खरोखर भाड्याने गेलेले असावे, असा नियमही तेव्हाच आला. या नियमांमुळे काही मालक विचारात पडतात, काही घरे विक्रीला निघतात. पण विक्रीला निघालेले घर किनाऱ्यावरच्या पगारात बसतेच असे नाही. नर्स, सुतार, शाळेतले शिक्षक, शिलाई कारागीर यांच्यासाठी भाड्याची आणि मालकीची घरे मुद्दाम बांधावी लागतात आणि ती कायमची स्थानिकांसाठी राखून ठेवावी लागतात.

त्याचा नमुना फार दूर नाही. पेंब्रुकशरच्या किनाऱ्यावर सोल्वा या गावात रहिवाशांच्या भू-न्यासाने परिषदेसोबत १८ परवडणाऱ्या घरांची योजना हाती घेतली. जमीन न्यासाची असली की घर बाजारभावाने हातोहात फिरत नाही. २०२६ च्या राष्ट्रीय आइस्तेदवोदसाठी कार्डिगनजवळच्या लॅनटूडची निवड झाली, राजा रीसच्या स्पर्धेला ८५० वर्षे होत असल्याच्या निमित्ताने. महोत्सवाच्या आठवड्यापुरते येणारे हजारो वेल्शभाषक परत जातात; घरांची गरज उरते ती इथे राहणाऱ्यांची. कार्डिगनच्या सभासदांनी किल्ल्यासाठी बारा वर्षे चिकाटी दाखवली, पुल्हायसाठी खिशातले पैसे काढले. पुढचे भाग त्यांनी घरांसाठी काढावेत, आणि जमिनीचे भाव आणखी वाढण्याआधी काढावेत.